एक दाब, एक धार

अंबडच्या कारखान्यात नुकताच टर्नर म्हणून लागलो होतो, तेव्हाची गोष्ट. पंचवटीत आमची वरची आळी आणि उताराखालची खालची आळी, यांच्यात रंगपंचमीला सकाळी पिचकाऱ्यांचा सामना व्हायचा. ज्याच्या छातीवर रंग बसला त्याने ओट्यावर जाऊन बसायचं. ज्या आळीचा गडी शेवटपर्यंत उभा राहील, तिला संध्याकाळी रहाडीत पहिल्या उडीचा मान. वर्षभर मातीखाली बुजवून ठेवलेला तो दगडी हौद पंचमीला उकरायचा, पळसफुलांच्या रंगाने भरायचा, पूजा झाली की धप्पा मारायचा. पहिला धप्पा कुणाचा, यावरून आळीत वर्षभर मान वर किंवा खाली राहायची.

पितळी पिचकाऱ्यांचे दिवस तोवर मागे पडले होते. कारखान्यांत लागलेल्या पोरांनी जुन्या स्टोव्हच्या टाक्यांना कळ बसवून नव्या पिचकाऱ्या केल्या होत्या. रंग भरायचा, पंपाने हवा मारायची, कळ दाबायची. पहिल्याच वर्षी धार थांबेचना, म्हाताऱ्याकोताऱ्यांची तोंडं रंगली, मारामारी झाली. तेव्हा पंच म्हणून सर्वांनी बाईंना बसवलं.

बाई आमच्याच आळीतल्या. शाळेत पी.टी. शिकवून निवृत्त झालेल्या, गळ्यात शिट्टी तशीच. त्यांनी नियम केला: एक दाब, एक धार. टाकी आणि तोंड यांच्यामध्ये प्रत्येकाने एक छोटी डबी बसवायची. कळ दाबली की डबीतला रंग बाहेर, सोडली की डबी पुन्हा भरणार. दाबून धरलं तरी दुसरी धार येता कामा नये. सामन्याआधी बाई प्रत्येक पिचकारीसमोर स्टीलचं फुलपात्र धरायच्या आणि कळ दाबून ठेवायला सांगायच्या. फुलपात्र ओसंडलं की पिचकारी बाद. सख्ख्या पुतण्याची पिचकारी त्यांनी बाद केलेली मी पाहिली आहे. तो दिवसभर फुगून बसला. बाईंनी त्याला पुरणपोळी वाढली, पिचकारी मात्र दिली नाही.

त्या वर्षी मी डबीवर एक चकती बसवली. सरळ असली की पिचकारी नियमात. अंगठ्याने अर्धी फिरवली की डबी असून नसल्यासारखी, टाकी रिकामी होईपर्यंत धार. लेथवर जेवणाच्या सुट्टीत केलेलं काम, आणि चांगलं झालं होतं, हे आजही कबूल करतो. फुलपात्राच्या परीक्षेत ती बिनबोभाट पास झाली.

शेवटी आम्ही दोघेच उरलो. समोर खालच्या आळीचा, भाजीबाजारात वडिलांच्या गाळ्यावर बसणारा, माझ्याच वयाचा. दबा धरून बसलेला तो कोपऱ्यावरून बाहेर आला, मी चकती फिरवली आणि तो खांद्यापासून कमरेपर्यंत भिजला. आमची आळी नाचायला लागली. तोवर मी चकती सरळ केली होती.

तो बाईंकडे जाऊन शांतपणे म्हणाला, "बाई, धार तुटलीच नाही."

आमच्या पोरांनी त्याची टिंगल केली. एकजण म्हणाला, हरला की गड्याला पाणीसुद्धा लांबलचक दिसतं. बाईंनी माझ्या हातून पिचकारी घेतली, फुलपात्रात दाबून धरली. एकच धार आली, थांबली. मी सुटलो असं मला वाटलं.

मग बाईंनी मान वर करून त्याच्या मागची भिंत पाहिली. पांढऱ्या चुन्यावर केशरी पट्टा कोपऱ्यापासून पार दाराच्या चौकटीपर्यंत गेला होता, मध्ये कुठे खंड नाही. हातातलं फुलपात्र त्यांनी पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. माझा अंगठा नकळत मुठीत गेला.

शिट्टी वाजली. "निकाल खालच्या आळीचा. तपासणी माझी होती. ती कमी पडली."

बस, एवढंच. माझं नाव नाही, पिचकारीचं नाही. आमची आळी त्यांच्यावर तुटून पडली. बाई फितूर झाल्या इथपासून बाईंना खालून भाजी फुकट येते इथपर्यंत सगळं ऐकवलं. त्यांनी कुणाला उत्तर दिलं नाही. दोन शब्द मी बोललो असतो तर सगळे गप्प झाले असते. मी टाकीतला उरलेला रंग गटारीत ओतत राहिलो. संध्याकाळी खालच्या आळीने पहिला धप्पा मारला आणि बाई काठावर उभ्या राहून टाळ्या वाजवत होत्या. आमच्या आळीतल्या त्या एकट्याच.

पुढच्या पंचमीला पोरं रांगेत उभी असताना बाईंनी फुलपात्र माझ्या हातात दिलं. "यंदा तू तपास. कुठे बघायचं ते तुला ठाऊक आहे."

त्या दिवसापासून, सामने बंद पडेपर्यंत, मी प्रत्येक पिचकारीचा प्रत्येक स्क्रू, प्रत्येक चकती हाताने फिरवून पाहत असे. लोक म्हणायचे, हा बाईंपेक्षा कडक. मी ते ऐकून घ्यायचो, आणि बाई समोर असल्या तर जास्तच खाली बघायचो.

बाई गेल्या, त्यांच्या दहाव्याला आळीतले जुने लोक जमले होते. एकाने बाईंच्या शिस्तीचं कौतुक केलं आणि शेवटी म्हणाला, "पण त्या पंचमीला तेवढ्या चुकल्या बरं का."

"नाही चुकल्या," मी म्हणालो. "चकती फिरवली होती मी."

खालच्या आळीचा तो गडीही आला होता. आता पिंपळगावला द्राक्षांचा व्यापार करतो, पोट सुटलंय. त्याने चहाचा कप खाली ठेवला.

"भिंत मी पण पाहिली होती की," तो म्हणाला. "बाई म्हणाल्या, तो सांगेल स्वतःहून, तू नको बोलूस. लय वाट पाहायला लावलीस, गड्या."