पोत्यात सापडलेली गोळी

माळ्यावरून उतरवलेल्या पोत्यात हात घातला आणि तांदळाबरोबर पिठाची गोळी हातात आली. काळपट, अर्धी कुरतडलेली. उंदराच्या औषधाची. मागे दोन्ही मुली त्याच पोत्यातल्या तांदळाचा भात खात होत्या.

मी ताटं ओढून घेतली.

गिरण्यांच्या संपाला सात-आठ महिने झाले होते. परळच्या खोलीत नवरा, सासू, दोन मुली आणि मी. दिराने गावाहून पाठवलेलं ते एकच पोतं, पुढचं भातकापणीनंतर. गिरणी बंद पडल्यावर चाळीत उंदीर वाढले. नवरा म्हणायचा, तिथे सुताला लावायच्या खळीचं पीठ खाऊन माजलेत, आता इकडेच येणार. खरं असेल, मला माहीत नाही. पोत्याला भोकं पडली, तांदळात लेंड्या दिसू लागल्या. म्हणून आदल्या दिवशी नवऱ्याने पिठात औषध मळलं, वासासाठी सुका जवळा घातला आणि सहा गोळ्या माळ्यावर पोत्याला लागूनच ठेवल्या. उंदीर कणगीतले दाणे ओढून बिळात नेतात, हे गावी आम्ही लहानपणापासून बघितलेलं. तरी गोळीही ओढतील हे दोघांनाही सुचलं नाही.

माळ्यावर चार उरल्या होत्या. एक माझ्या हातात. सहावी कुठे?

"उंदराने खाल्ली असेल," नवरा म्हणाला.

"मग मेलेला उंदीर दाखवा."

"मी काय उंदरांची हजेरी घेतो?"

शेजारची मालवणी बाई दारातून म्हणाली, "धुवन खावा गो, काय एक होना नाय."

"मग तुझ्या घरी ने आणि धुवून खा," सासू म्हणाली. शेजारीण निघून गेली.

तांदूळ चादरीवर ओतून निवडला. सहावी मिळाली नाही. वास घेतला तर जवळ्याचा, पोत्याचा, औषधाचा, काही वेगळं करता येईना. धाकटी म्हणाली पोटात दुखतंय. लगेच थोरलीच्याही दुखायला लागलं. विषाने की आमची तोंडं बघून, कोण सांगणार? नवऱ्याने दोघींना दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी विचारलं, किती पोटात गेलं? तेच तर माहीत नव्हतं. संध्याकाळपर्यंत बसवून ठेवलं आणि घरी पाठवलं.

नवरा म्हणाला, सगळं फेकून दे. सासू म्हणाली, मग उद्या काय शिजवणार? दोघांचंही पटत होतं. शेवटी गोळीच्या आसपासचे दोन सूप तांदूळ फेकले, बाकीचे पाणी नितळ येईपर्यंत धुतले आणि गॅलरीत वाळवले.

दुसऱ्या दिवशी भात झाल्यावर सासूने ताट पुढे ओढलं. "आधी मी खाते. आणि माझ्या तोंडाकडे बघत बसू नका, घास उतरत नाही."

आम्ही बघतच बसलो. दुपार टळल्यावर आम्हीही जेवलो. बरोबर केलं की चूक, मला अजून ठरवता आलेलं नाही.

घरात पाच माणसं होती. पाचही जगली.