मामूंचे तीन शुक्रवार

ही फजिती माझ्याच तोंडून ऐका बरं का! अम्मीकडून ऐकलीत तर तुम्ही मला दारात उभं करणार नाही.

आमच्या मामूंचं शिलाईचं दुकान आहे. नऊ वर्षांपूर्वी मामी गेल्या, तेव्हापासून दर शुक्रवारी नमाजनंतर आमच्याकडून त्यांना डबा जातो. मटण घातलेला दालचा आणि भात. पोचवायचं काम माझं, कारण घरात स्कूटी मला एकटीलाच येते.

एका रविवारी मोहल्ल्यात बायकांसाठी कर्जावर मौलानांचं बयान, म्हणजे प्रवचन होतं. सूद, म्हणजे व्याज, हराम हे तर मला पाठच होतं. पण मौलाना म्हणाले, "कर्ज फिटायच्या आधी कर्जदाराकडून भेट घेतली, तर तीही सूद ठरू शकते."

पुढेही ते बरंच बोलले. पण माझं डोकं तिथंच तापलं! माझ्या कॉलेजच्या फीसाठी मामूंनी आमच्या घरात कर्जाऊ पैसे दिलेत, हे मला माहीत होतं. आणि वर डबा? सख्ख्या बहिणीकडून सूद? तोही मटण घातलेला?

मोठ्यांना विचारायचं? छे! विचारलं की एकच उत्तर, "तू लहान आहेस." मी परस्पर निकाल लावला. शुक्रवारी डबा घेऊन निघाले, तलावाकाठी बसले आणि सगळा मीच खाल्ला. मामूंना गुनाहातून वाचवायला!

असं मी त्यांना तीन शुक्रवार वाचवलं. माझे कुर्ते घट्ट व्हायला लागले.

चौथ्या आठवड्यात मामूच दारात. बसलेसुद्धा नाहीत.

"शाहीन," ते अम्मीला म्हणाले, "माझं काही चुकलं का गं? तीन जुम्मे चहा-पाववर काढले. डब्याचं काही नाही. पण तू नातंच तोडलंस की काय, असं वाटायला लागलं."

"या अल्ला! भाईजान, डबा तर दर जुम्म्याला गेलाय!"

दोघांनी एकदमच माझ्याकडे बघितलं.

"हो, मी अडवला!" मी उसळले. "सूद आहे तो! तुम्हाला मोठ्यांना कुणी बोलत नाही म्हणून..."

मामूंनी चष्मा पुसला. "बयान शेवटपर्यंत ऐकलंस?"

"महत्त्वाचं तेवढं ऐकलं."

"हौ! म्हणजे अर्धं. देण्याघेण्याची रीत आधीपासून असेल, तर हरकत नसते. कर्ज चार वर्षांचं. डबा नऊ वर्षांचा. आणि कर्जदार कोण, ते ठाऊक आहे?"

"अम्मी-अब्बा!"

अम्मीनं कपाटातून कागद आणला. कर्ज लिहून ठेवावं, साक्षीदार घ्यावेत, असं कुराणात आहे, म्हणून दोन साक्षीदारांच्या सह्या. मुदत: नोकरी लागेपर्यंत. आणि कर्जदार म्हणून खाली सही... माझी! ॲडमिशनच्या गडबडीत कॉलेजचा फॉर्म समजून न वाचता ठोकलेली. आणि मी बी.कॉम., फर्स्ट क्लास!

"डबा माझ्या बहिणीचा," मामू बोट दाखवत म्हणाले. "खाल्ला कुणी? कर्जदारानं!"

खरं सांगू? मला रडू आलं. तीन शुक्रवार हा माणूस बहीण तुटली म्हणून झुरत होता, आणि मी तलावाकाठी हाडं चघळत होते.

"रडू नको," मामू म्हणाले. "हलाल-हराम बघतेस, चांगलंच आहे. फक्त पुढच्या वेळी ऐकून घे, आणि मलाही विचार."

"तीन डबे माझ्यावर कर्ज," मी नाक पुसत म्हणाले. "स्वतः रांधून देणार. तीन नाही, चार देणार!"

"तीनच! आधी कबूल केलेला चौथा डबा म्हणजे सूद!"

पुढच्या शुक्रवारी पहिला डबा घेऊन मी दुकानात हजर. मामूंनी एक घास घेतला. दोन ग्लास पाणी प्यायले. मग माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "बेटा, अडचणीतल्या कर्जदाराला माफ करणं लई सवाबाचं, पुण्याचं काम. उरलेले दोन डबे माफ!"

एक तारखेपासून मी नोकरीवर रुजू होतेय. मी आशेनं विचारलं, "आणि मामू, फीचे पैसे?"

"ते पूर्ण घेणार," मामू म्हणाले. "ते तुला रांधावे लागत नाहीत!"