शेंदूर लागलेली राक्षसीण

छप्पन साली मी वणीच्या एका जिनिंग प्रेसमध्ये कापसाच्या गाठींवर काळ्या रंगानं मार्का मारायचो, आणि संध्याकाळी घरी येऊन राक्षस काढायचो. हसू नका! राक्षस, उडते रेडे, झाडाला लटकलेली गावं, असलं सगळं मनानं काढायचं आणि त्याला गोष्ट जोडायची, हा माझा नाद. घरचे म्हणायचे, "याच्या डोक्यात भुसा भरला." पण दोन-चार वर्षांनी नागपूरच्या एका मुलांच्या मासिकानं माझी गोष्ट चित्रांसकट छापली, वर मुखपृष्ठही माझंच. माझे पाय काही जमिनीवर राहिले नाहीत.

गोष्ट होती सात डोळ्यांच्या राक्षसिणीची. ती गावात यायची, पोरांना गोड बोलून जवळ घ्यायची आणि गिळायची. चेहरा मुद्दाम देखणा काढला, आईसारखा, म्हणजे पोरं फसतील. हातात काय द्यावं सुचेना, म्हणून एका हातात कडुनिंबाची डहाळी दिली, दुसऱ्यात पाण्याचा गडवा. का दिलं? जागा रिकामी दिसत होती, दुसरं काय!

अंक मी मोठ्या बहिणीला नेऊन दिला. ती झरीकडच्या एका खेड्यात दिलेली. थोडी कपाशी, थोडी तूर, आणि चार वर्षांची एकुलती एक पोर. त्या घरात वाचता कोणालाच येत नव्हतं. पुढं पोळ्याला गेलो तर काय पाहतो! माझं मुखपृष्ठ फाडून, फ्रेम करून देव्हाऱ्याच्या वर टांगलेलं, सातही डोळ्यांना शेंदूर, पुढं नारळ. आमच्याकडे कोणाला देवी आल्या की कडुनिंब बांधतात, औषध देत नाहीत. माता पाहुणी आली म्हणतात. डहाळी आणि गडवा पाहून सगळ्यांनी माझ्या राक्षसिणीला माता ठरवलं होतं. शेजारच्या बाया येऊन माझ्या पाया पडल्या. एक म्हातारी म्हणाली, "मातेनं तुह्याच हातानं सोताले काढून घेतलं रे बाप्पा!"

सांगायला तोंड उघडलं आणि मिटलं. लाज सोडून सांगतो, मला बरं वाटलं. मासिकवाल्यानं कौतुकाच्या दोन ओळी पाठवल्या नव्हत्या, आणि इथं लोक माझ्या चित्रापुढं उदबत्ती लावत होते. पुरणपोळी खाऊन मी वणीला परतलो.

चैत्रात बहिणीच्या शेजारच्या गावात देवीची साथ आली. दोन लेकरं गेली. कळलं तसा मी धावत बहिणीकडं गेलो. देवी टोचणारा सरकारी माणूस शाळेच्या पडवीत बसला होता, त्याच दिवशी पुढच्या गावाला निघणार होता. आणि माझी बहीण पोरीला त्या फ्रेमखाली गोधडीवर निजवून बसलेली.

"चाल, पोरीले टोचून आणू," मी म्हणालो.

"कायले? माता घरात बसली हाये. सुई टोचली तं कोपंन."

"अवं बाई, ती माता नाही! म्या मनानं काढली!"

"तुह्या मनात कोण आली मंग?" ती शांतपणे म्हणाली.

अरे बाप्पा, आता काय करावं? मुखपृष्ठ फाडलेला अंक फळीवर पडून होता. मी तो ओढला आणि मोठ्यानं वाचायला लागलो. राक्षसीण पोरांना कशी हाक मारते, कशी थोपटते, आणि मग जबडा कसा उघडते. बहिणीनं ती गोष्ट पहिल्यांदाच ऐकली. तिचा चेहरा पांढराफटक पडला. तिनं वर चित्राकडं पाहिलं, खाली पोरीकडं पाहिलं, आणि एकदम किंचाळली. पोरीला उचलून अनवाणी शाळेकडं पळाली. मी मागं पोचेपर्यंत पोरगी टोचून घेऊन भोकाड पसरून रडत होती. वाटलं, जिंकलो!

परतताना बहीण वाटेतच थांबली.

"पोळ्याले तू आलता. चित्र टांगलेलं पाह्यलं व्हतं तुनं."

"हो."

"पोरं खाते, हे तुले ठाऊक व्हतं."

"अवं, पण ते सगळं खोटं..."

"मले खोटं व्हतं काय? सात महिने मायी पोरगी म्या तिच्याखाली निजवली. अन् तू पुरणपोळी खाऊन चालला गेला!"

घरी पोचताच तिनं फ्रेम उतरवली. त्या घरात फ्रेमच्या जागी भिंतीवर नुसता खिळा राहिला.

साथ बहिणीच्या गावातही शिरली. पोरीला काही झालं नाही. माझंही बरं चाललं. मार्का मारणं सुटलं, दोन वर्षांत राक्षसांची तीन पुस्तकं निघाली, लोक मला लेखक म्हणायला लागले. भाऊबीजेला बहिणीकडं गेलो. तिनं रीतीप्रमाणं ओवाळलं, ताटात गोडधोड वाढलं. पोरगी मामा मामा करत माझ्या मांडीवर बसायला निघाली. बहिणीनं तिचा दंड धरला.

"तेथूनच नमस्कार कर," ती म्हणाली.