खोडलेली खुर्ची

नौपाड्यातल्या घरी कपाट आवरताना बाबांच्या एका इंग्रजी पत्राचा कच्चा कागद सापडला. परदेशात वाढलेल्या नातवाला मराठी वाचता येत नव्हतं, म्हणून ती खटपट. "फार अवघडलेलं वाटतंय, जरा नीट करून दे गं," असं म्हणून त्यांनी तो माझ्याकडे दिला होता. मी भराभर वाक्यं सुटसुटीत केली आणि 'तुझी छोटी खुर्ची मी रोज पुसतो' हे इंग्रजीत विचित्र वाटतं म्हणून खोडून टाकलं. बाबांनी दोनदा वाचलं. "झकास झालंय," ते म्हणाले, "पण हे कुणीही लिहिलं असतं." तरी पत्र तसंच गेलं, नातवाचे दोन ओळींत आभार आले. आता बाबा नाहीत. माझ्या रोजच्या कामांच्या यादीत पहिली ओळ असते, छोटी खुर्ची पुसणे.