कंपनीचा की लोकल?

चहा येईपर्यंत सांगून टाकतो, राजेहो. एका ऑइल फिल्टरपायी मी माझ्या पुतणीचं जमत आलेलं लग्न मोडलं. हो, फिल्टरपायी! मुठीत मावेल एवढा डबा. हसा, हसा. मीही आधी दोन मिनिटं हसलो होतो.

माझा स्वभाव तुम्हाला ठाऊक आहे. मला सगळं कंपनीचं लागतं. चार्जर कंपनीचा, कुकरची शिट्टी कंपनीची. गाडीत लोकल सामान टाकणाऱ्याला तर मी भरल्या पंगतीत सुनावतो. अमरावतीच्या अर्ध्या गॅरेजवाल्यांशी माझं बोलणं बंद आहे, कारण ते कंपनीचा फिल्टर सांगून लोकल बसवतात असा माझा पक्का समज.

तर आमच्या प्राचीला, म्हणजे दादाच्या मुलीला, अकोल्याचं स्थळ आलं. पोरगा वैभव, पुण्याला कंपनीत. दोघांचं फोनवर बोलणं सुरू होतं आणि फोन ठेवला की पोट्टी विनाकारण झाडांना पाणी घालायची. आता आम्ही जाऊन घर पाहायचं आणि साक्षगंधाची, म्हणजे साखरपुड्याची, तारीख धरायची, एवढंच उरलं होतं.

जायच्या आदल्या दिवशी मी ऑइल बदलायला घेतलं. दुकानातून कंपनीचा फिल्टर आणला आणि मोबाइलवर बघत बघत स्वतःच बसवला.

दादा म्हणाला, "अबे, गॅरेजात दे ना. काहून हात काळे करून राहिला?"

"दादा, कंपनीच्या मालाले मेकॅनिकचा हात लागू द्याचा नसते!"

सकाळी निघताना प्राची गाडीच्या खिडकीशी आली. "काका, तिथं जास्त बोलू नका, बरं."

पोरीला काय स्वप्न पडलं होतं कोण जाणे!

बोरगाव मंजूजवळ ऑइलचा लाल दिवा लागला. गाडीखाली वाकून पाहतो तर फिल्टरमधून टपटप गळती! माझं टाळकंच सरकलं. याचा अर्थ एकच, दुकानदारानं कंपनीच्या डब्यात लोकल माल घालून दिला. ऑइल विकत घेऊन ओतलं, रखडत अकोल्यात शिरलो आणि पहिलं गॅरेज दिसलं तिथे गाडी टाकली. मेकॅनिक शकीलभाई म्हणाले, "आप जाके आओ, मैं खोल के देखता." आम्ही ऑटोनं पाहुण्यांकडे पोचलो.

वैभवचे वडील साहेबराव मोठा प्रेमळ माणूस. सतरंजी काय, पोहे काय, आग्रह काय! दादानं विचारलं, "जवाईबापूंची कंपनी पुण्यात कोणत्या बाजूले येते?" तर ते म्हणाले, "ते सांगतोच जी, पयले पोहे घ्या." तेव्हा एखाद्या शहाण्या माणसाचे कान टवकारले असते. पण माझा सगळा जीव त्या गळक्या डब्यात! हात धुतो म्हणून अंगणात गेलो आणि दुकानदाराला फोन लावला.

आता माझा आवाज असा की, मी बोललो तर समोरच्याला फोनची गरज नसते.

"काहो, कंपनीचा म्हणून सांगतलं न् लोकल गळ्यात मारून राहिले?... वरून चकचकीत असून काय करता? आतून बोगस!... अकोल्यात आलो म्हणून कळलं, नाही तं फसलोच होतो!... एक डाव फिट झाला की मंग बोंबलत बसा जन्मभर! नाही, मले असा नग नाही पायजे. तुमचा नग तुमच्यापाशी ठेवा!"

मागे वळलो. दारात साहेबराव उभे. हातात जिलबीची ताटली.

"कोन सांगतलं तुमाले?" त्यांचा आवाज एकदम बसला होता. "त्यानं कंपनी सोडली, खरं हाय. इथंच ठिबक सिंचनाचं दुकान टाकलं. लोकल पोराले आजकाल कोनी पोरगी देत नाही, म्हनून मध्यस्थ म्हने, आताच बोलू नका. पोहे झाले की मीच सांगनार होतो. पण बोगस? माया पोराले बोगस म्हनता?"

इथे मी गप्प बसायला हवं होतं. पण मी अजून फिल्टरातच!

"बोगस नाही तं काय? बोरगावपासून गळून राहिला!"

"कोन गळून राहिला?"

"अहो, नवाकोरा बसवला न् रस्ताभर गळला!"

आतून दादा धावत आला. मग माझी ट्यूब पेटली. मी हात जोडले, फिल्टर म्हणालो, ऑइल म्हणालो, गॅरेजवाल्याला फोन लावतो म्हणालो. साहेबराव ऐकेनात. खरं तर ऐकूनही काय उपयोग होता? जे त्यांना मानानं सांगायचं होतं, ते माझ्यामुळे अंगणात उभं राहून चोरासारखं सांगावं लागलं. मागे वैभव उभा होता. त्यानं वडिलांच्या हातातली ताटली काढून घेतली, ते मला जास्त लागलं. जिलबी तशीच आत गेली.

गॅरेजात आलो तर शकीलभाईंच्या तळहातावर दोन रबरी रिंगा.

"साब, पुराना रबर इंजिन को-च चिपका था, उसके ऊपर नया चढा दिया. दो-दो रबर, तो गळेगाच! फिल्टर तो एकदम कंपनी का है. किसने बिठाया?"

"हाये अमरावतीले एक जण," मी म्हणालो.

नवं रबर चिरलं होतं, म्हणून त्यांनी दुसरा फिल्टर बसवून टाकला होता. लोकल. मी पैसे मोजून गाडीत बसलो.

घरी प्राची दारातच उभी होती. वैभवचा फोन येऊन गेला होता. ती ना रडली, ना ओरडली.

"काका, त्यानं कंपनी सोडली ते मले माहीत होतं. मीच म्हटलं होतं, सोड म्हणून. मले लोकलच पायजे होता."

राजेहो, त्या रात्री जेवण गेलं नाही. पुढच्या रविवारी तो कंपनीचा फिल्टर आणि दोन्ही रबरं पिशवीत घालून मी एकटाच अकोल्याला गेलो. साहेबरावांच्या पुढ्यात सगळं मांडलं. त्यांनी ऐकलं. हसलेसुद्धा. मला वाटलं, जमलं!

मग डोळे पुसत म्हणाले, "उशीर केला, भाऊ. कारंज्याच्या पाहुण्यांले शब्द देऊन बसलो. पोट्टं अजून तोंड फुगवून हाय, पण शब्द तो शब्द. तुमची पोरगी सोनं होती जी. पण तुमच्या घरचा नग..." आणि माझ्याकडं बोट करून म्हणाले, "असा ओरिजिनल नग मी उभ्या वऱ्हाडात नाही पाहिला!"

तो लोकल फिल्टर अजून गाडीत आहे. थेंबभर गळत नाही.

घ्या, आला चहा. प्राचीनंच केलाय. गोड आहे ना? तुमचा असेल. माझ्या कपात ती हल्ली साखर टाकत नाही.