मधल्या खळग्यातलं सोंग

आंघोळ झाली की गुरुदासमामा अंग नीट पुसायच्या आधीच बंडी चढवायचा, तिच्यावर सदरा, आणि गळ्यापर्यंत बटणं लावूनच न्हाणीबाहेर यायचा. वैशाखातसुद्धा. आमच्या देवगडकडच्या गावात पुरुषमाणसं कमरेला पंचा गुंडाळून दिवसभर उघडी वावरतात. मामाही पूर्वी तसाच असायचा. सुभद्रामामी विचारायची, उकडत नाही का? तो म्हणायचा, वारा बाधतो.

मामा माझ्या आईचा धाकटा भाऊ. पावसाळ्यात भात लावायचा आणि जत्रा सुरू झाल्या की दशावतारी कंपनीबरोबर गावोगाव जाऊन स्त्रीभूमिका करायचा. त्याची राणी रडू लागली की पुढे बसलेल्या बायका पदर डोळ्यांना लावत. पण तोंड धुतलं की राणी संपली. देवळाच्या पायरीवर कंपनीतल्या धनेशबरोबर विडी ओढत बसलेला हा दणकट गडीच मघाशी रडत होता, हे पोरांना खरं वाटत नसे, आणि मामाला तेच आवडे. बाई नाटकापुरती, असं तो जरा मिशीला पीळ दिल्यासारखं म्हणायचा, जरी भूमिकेमुळे मिशी त्याने कधीच ठेवली नव्हती.

चाळिशीनंतर त्याची दाढी विरळ होऊ लागली आणि छाती भरू लागली. पहिल्यांदा ते धनेशच्या लक्षात आलं. धनेश कंपनीतला राजा, मामाचा जुना मित्र. एका जत्रेत मामा चोळीत चिंध्या भरायचं विसरला, तर धनेश सगळ्यांदेखत म्हणाला, "गुरग्या, चिंध्ये वाचले रे तुजे. आता फक्त लग्नाचा बघूक होया." सगळे हसले. मामाही हसला. दुसऱ्या दिवसापासून तो भिंतीकडे तोंड करून, एकटा, साडी नेसू लागला.

मग एकदा बंडीवर ओला डाग दिसला. तो घामाचा नव्हता.

मामाने आपल्यापुरता त्याचा अर्थ लावला. सोंगांचे कपडे-दागिने ठेवायचा कंपनीचा पेटारा म्हणजे देव. नाटक संपलं की त्याच्यापुढे डोकं टेकायचं, सोंग उतरवायचं आणि मगच तोंड धुवायचं, हा त्यांचा नेम. आपल्याला मुलगी झाल्याचा निरोप आला त्या पहाटे मामा रंगलेल्या तोंडानेच घराकडे धावला होता. डोकं टेकायचं राहून गेलं होतं. तेव्हाचं ते सोंग इतक्या वर्षांनी अंगात वर आलं, असं त्याला वाटलं. त्यावर उपाय देवापुढे घालायच्या गाऱ्हाण्याचा. पण गाऱ्हाणं मोठ्याने घालायचं असतं, भोवती उभे असलेले लोक प्रत्येक वाक्याला ‘होय म्हाराजा’ म्हणतात. मामा काय सांगणार होता? तो एकटाच पेटाऱ्यापुढे नारळ ठेवायचा आणि ओठ न हलवता मागणं मागायचा.

पुढे त्याची नजर आवळत गेली. समोरचं दिसायचं, दोन्ही बाजूंचं नाही. तो दाराच्या चौकटीला खांदा आपटायचा, रस्त्यात बाजूने कुणी हाक मारली की दचकायचा. एका नाटकात धनेशचा राजा तलवार फिरवत बाजूने आला. राणीने मागे सरायचं होतं. राणी जागची हलली नाही, आणि पत्र्याची तलवार तिच्या कानाला लागली. लोकांना वाटलं गुरुदास पिऊन आलाय. कंपनीच्या मालकांनी बोलावून विचारलं तेव्हा मामाने मान खाली घातली आणि होय म्हणाला. त्यानंतर त्याने मुद्दाम थोडी दारू सदऱ्यावर शिंपडायला सुरुवात केली. मामी शेजाऱ्यांसमोर मान वर करीनाशी झाली. आईने राखीपौर्णिमेला त्याला चार शब्द सुनावले. त्याने ते ऐकून घेतले.

मामीने ओढूनच त्याला डोळ्यांच्या डॉक्टरबाईंकडे नेलं. त्यांनी नजर तपासली, मग मामीला बाहेर बसवून विचारलं, शरीरात आणखी काही बदल जाणवतोय का? मामा कचेरीत बोलतात तसं शुद्ध बोलला, नाही मॅडम, बाकी सगळं व्यवस्थित आहे. तरीही त्यांनी डोक्याचा स्कॅन करून घ्या म्हणून बजावलं. मामीला त्याने सांगितलं, चष्म्याचा नंबर वाढलाय, हंगाम संपला की बघू.

हंगाम संपण्याआधीच, काजू वेचताना, त्याच्या कपाळात कळ उठली. तो ओकला, खाली बसला, आणि डाव्या डोळ्याची पापणी मिटली ती उघडेना. तालुक्याच्या दवाखान्यातून त्याला थेट गोव्याच्या मोठ्या इस्पितळात नेलं. तिथे नर्सने सदरा कापला. मामी शेजारीच उभी होती.

डॉक्टरांनी प्लास्टिकच्या कवटीचं वरचं झाकण काढून आम्हाला आतला तळ दाखवला. तो सपाट नसतो. पुढून मागे पायऱ्यांसारखे उतरणारे तीन खळगे असतात. पुढच्याच्या चाळणीतून वासाच्या नसा नाकात जातात. मागच्यात लहान मेंदू बसतो. मधल्याच्या बरोबर मध्ये खोगिरासारखी खाच, आणि तिच्यात वाटाण्याएवढी ग्रंथी. बाळंतिणीला दूध येतं ते तिच्या हुकमाने. मामाच्या त्या ग्रंथीवर गाठ होती, आणि ती तोच हुकूम वर्षानुवर्षं सोडत होती. वाढायला जागा पुरेना तशी ती वर चढली. वर दोन्ही डोळ्यांच्या नसा एकमेकींना ओलांडतात. तिथे बाजूचं दाखवणारे धागे दबले. आता गाठीत रक्तस्राव झाला होता. खाचेच्या दोन्ही अंगांनी मेंदूला रक्त नेणाऱ्या धमन्या जातात, पापणी उचलणारी नसही तिथूनच. नाकातून शिरून गाठ काढायची होती, पण उशीर झाला होता. वेळेवर कळलं तर बहुतेकदा गोळ्या पुरतात, असं डॉक्टर म्हणाले. धनेश आमच्याबरोबर होता. तो कवटीकडे बघेना.

मामी आत गेली. मामा शुद्धीत होता.

"दारवेचो आळ घेतलात," ती म्हणाली, "आणि माका सांगूक नाय?"

"दारू पुरुषच पितत गो," तो म्हणाला.

मग त्याने तिला पेटाऱ्याचं सांगितलं, डागाचं सांगितलं, मनातल्या गाऱ्हाण्याचंही. मामीने ते आम्हाला पुढे कितीतरी महिन्यांनी सांगितलं, तेही एकेक करून, भांडी घासता घासता, आमच्याकडे न बघता. राखीपौर्णिमेचा विषय निघाला की आई अजून उठून आत जाते.

शस्त्रक्रियेनंतर मामा शुद्धीवर आला नाही. त्याला आत नेण्याआधी मामी त्याच्या बाजूला बसली होती. ती तिथे आहे की गेली, हे त्याला कळत नव्हतं, म्हणून तिने स्टूल उचलून त्याच्या पायांशी, समोर ठेवलं. ती दिसल्यावर तो म्हणाला, "सकाळपासून काय खाल्लंस नाय मा? जा, कँटीन बंद होतली."