माटोळीआडचे बाबा

पेडण्याहून डिचोलीला जाणाऱ्या बसमध्ये एक मुलगी माझ्या शेजारी बसली होती. दुसऱ्याच्या टॅबमध्ये डोकावू नये हे मला कळतं, पण ती माटोळी रंगवत होती. चतुर्थीला गणपतीच्या वर बांधतात ती लाकडी चौकट, तिला टांगलेले नारळ, सुपारीचे घोस, रानातली फळं. प्रत्येक फळ वेगळ्या लेयरवर होतं. बोट लावलं की एकेक नाहीसं व्हायचं.

सगळी फळं गेली तेव्हा मागे स्टुलावर उभा असलेला एक म्हातारा दिसला. हात वर करून गाठ मारत होता. कपाळावरचा घामसुद्धा तिनं रंगवला होता.

"हे कोण?"

"बाबा. दर वर्षी तेच बांधायचे. शिमग्यात गेले."

"फळांमागे ते कुणाला दिसणार?"

"नाय दिसले तरी चलता," ती म्हणाली. "पण ते नसले तर माटोळी बांधली कोणी?"

मग बाबा ज्या क्रमानं बांधायचे त्याच क्रमानं तिनं फळं परत आणली. आधी नारळ, मग सुपारी, मग आंबाडे. डिचोली आली तेव्हा बाबांच्या तोंडासमोरचा चिबूड तेवढा परत आणायचा राहिला होता. कंडक्टरनं हाक मारली, तरी तिचं बोट हवेतच होतं.